डासाचा डोळा स्पष्ट, पाय धूसर

प्रश्न : भिंतीवरच्या डासाचे मॅक्रो फोटो काढते. डोळा स्पष्ट येतो, पाय धूसर. लेन्स बदलू का? – एक वाचक, नल्लकुंटा, हैदराबाद

उत्तर : लेन्स मुळीच बदलू नका. १:१ मॅग्निफिकेशनला एफ/११ ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. छिद्र फारच लहान केलंत, तर विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून कोन बदला : डासाला बाजूने टिपा, त्याचं अंग सेन्सरला समांतर येऊ द्या. फोकस मॅन्युअल ठेवून स्वतःच किंचित पुढेमागे झुका. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावा.

बाजूने टिपण्याचा आणखी एक फायदा म्हणजे डास कोणता, तेही ओळखता येतं. तुमच्या नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे, त्या रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत अ‍ॅनॉफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. हा डास मागचा भाग उचलून तिरका बसतो, क्युलेक्स डास मात्र भिंतीला समांतर. बाजूच्या फोटोत हे नेमकं कळतं. पंखांवरचे ठिपकेही जरूर टिपा.