शाफ्ट घेण्याआधी



बेटा, माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला आलास, तेव्हा धनेगावच्या गर्दीतसुद्धा तुझा जीव मोबाईलवरच्या जाहिरातीतल्या पूल क्यूच्या त्या काळ्या कार्बन शाफ्टवर जडला होता. लो डिफ्लेक्शन म्हणे. घेऊ नको असं मी म्हणत नाही. तुझ्या कमाईचे पैसे आहेत. पण त्या जाहिरातीत खरं किती आणि विकणाऱ्याच्या पदरचं किती, एवढं माझ्याकडून ऐकून घे आणि मग ठरव.

खरं काय ते आधी. क्यू बॉलला मधोमध न मारता उजवी साइड दिली, की तो क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे निसटतो. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. क्यूची टिप बॉलला टेकते ती जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात बॉल फिरू लागतो आणि शाफ्टचं टोक बाजूला लोटतो. टोक जड असेल तर बॉललाच उलट बाजूला जास्त सरकावं लागतं. म्हणजे सगळा खेळ शेवटच्या वीतभर भागाच्या वजनाचा. शाफ्ट ताठ आहे की लवचीक, याने फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी हे चाचण्या घेऊन दाखवलं आहे. म्हणून कंपन्या टिप बारीक करतात, टिपमागचं फेरूल आखूड करतात, लाकूड आतून कोरतात नाहीतर कार्बनची नळी वापरतात. आपल्या रानातला पोकळ वेळू आणि सागाची भरीव काठी हातात घेतलीस तर जो फरक कळतो, तोच हा.

माझ्यावरही विश्वास ठेवू नको, करून बघ. तुझ्या जुन्या शाफ्टला फेरूलच्या मागे इन्सुलेशन टेपचे जाड वेढे दे आणि साइड मार. बॉल आणखी बाहेर जाईल. मग तीच टेप काढून शाफ्टच्या मधोमध लाव. फरक जवळजवळ नाहीसा होईल. ज्याला हा प्रयोग कळला, त्याला दुकानदाराची अर्धी बडबड ऐकावी लागत नाही.

आता पदरचं. 'जास्त स्पिन मिळतो' हे पहिलं. स्पिन ठरतो तो टिप मध्यापासून किती दूर लागली यावर. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा; मध्यापासून साधारण १४ मिमीच्या पलीकडे गेलास की टिप घसरते, मिसक्यू होतो. कोणताही शाफ्ट घे, ही हद्द फारशी हलत नाही. मग नवा शाफ्ट घेतलेला पोरगा स्पिन वाढला असं का सांगतो? जुन्या शाफ्टवर निसटणं भरून काढायला तो क्यू तिरका करायचा आणि नकळत टिप मध्याजवळ आणायचा. आता सरळ ठेवतो, म्हणून टिप खरोखरच दूर लागते. तो खोटं बोलत नाही, पण श्रेय चुकीच्या जागी देतो.

'शून्य डिफ्लेक्शन' असं कुणी म्हटलं तर तिथून उठ. टोकाला काही ना काही वजन असणारच. आणि समजा ते शून्य झालंच, तरी कुशनच्या कडेमुळे क्यूचा मागचा भाग थोडा उचललेलाच राहतो, त्यामुळे साइड दिलेला बॉल पुढे वळत जातो. किती वळेल ते कापडावर आणि जोरावर अवलंबून. शिवाय साइडने मारलेला बॉल समोरच्या बॉलला आदळताना त्यालाही थोडा ओढून नेतो. हे अंदाज बांधायचे ते तुझ्या डोळ्यालाच.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त खटकतो: 'स्ट्रोकची चूक माफ होते.' मागचा हात वळला की टिप नकळत बाजूला लागते. क्यूचं तोंड एकीकडे फिरलेलं असतं आणि डिफ्लेक्शन बॉलला दुसरीकडे लोटतं. साध्या शाफ्टवर ब्रिज, म्हणजे क्यू टेकवलेला पुढचा हात, बॉलपासून वीत-दीड वीत असेल, तर या दोन गोष्टी बऱ्याचशा एकमेकींना खोडून काढतात. लो डिफ्लेक्शनवर तेच साधायला ब्रिज बराच मागे न्यावा लागतो. म्हणजे हात डगमगणाऱ्या नवशिक्याला काही वेळा जुनाच शाफ्ट जास्त सांभाळून घेतो. हे जाहिरातीत कुणी छापत नाही.

लो डिफ्लेक्शन शाफ्ट नव्हते तेव्हाही आपल्याकडे मोठे खेळाडू झाले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. मुंबईचे मायकेल फरेरा त्यांच्यानंतर तीनदा. प्रिडेटर ३१४ नावाचा लो डिफ्लेक्शन शाफ्ट अमेरिकेत गाजू लागला तो १९९० च्या दशकात. त्याआधीच्या या माणसांनी आपल्या लाकडाचं निसटणं अंगात मुरवून घेतलं होतं. तूही एका शाफ्टवर बरीच वर्षं खेळला आहेस. बदललास की साइडचा प्रत्येक अंदाज नव्याने बसवावा लागेल, आणि तोवर खेळ खाली येईल. पुढच्या महिन्यात स्पर्धा असेल तर आत्ता हात लावू नको.

तरी मन ऐकत नसेल, तर क्लबातल्या कुणाचा तरी शाफ्ट उसना घे. क्यू बॉल एका टोकाला ठेव, समोरच्या कुशनवरच्या एका खुणेवर नेम धर. मग क्यू तिरका न करता आहे तसा बाजूला सरकव, शक्य तितका आडवा ठेव आणि जोरात मार. हळू मारलास तर बॉल वळून हिशेब बिघडवेल. डावी साइड, उजवी साइड, दोन्ही मार. बॉल कुठे लागला ते मित्राने लाकडी कडेवर चॉकने टिपावं, तू नाही. ज्याला शाफ्ट आवडून गेलाय त्याचे डोळे सोयीचं तेवढंच बघतात. कंपनी दाखवते ते यंत्राचे आकडे खोटे नसतील, पण किती जोराने आणि किती साइडने मारायचं ते तिने ठरवलेलं असतं.

कार्बनच्या बाजूने एक गोष्ट मी मनापासून सांगीन. आपल्याकडच्या पावसात लाकूड वाकतं, कार्बन वाकत नाही, त्याला खड्डेही सहज पडत नाहीत. तुझ्या खोलीत ओल असेल तर हे कारण पुरेसं आहे. लाकडीच ठेवलास तर तो भिंतीला टेकवून उभा करू नको, पेटीत ठेव, आणि अधूनमधून टेबलावर लोळवून टिपखालून उजेड उघडझाप करतो का ते बघ. टिप मात्र वेळच्या वेळी बदल. चांगली टिप आणि रोजचा चॉक यांना शाफ्टच्या मानाने काहीच पैसे पडत नाहीत, आणि मिसक्यू तिथेच कमी होतात.

आणि हो, मागवलासच तर जोडाचा स्क्रू आधी बघ. कंपनीगणिक आटे वेगळे असतात. तुझ्या बटच्या जोडाचा जवळून फोटो काढून विकणाऱ्याला पाठव, बसेल असं लिहून घे, मग पैसे दे.