फॉरमॅट मारण्याआधी

ग्वाल्हेरच्या दानाओलीत माझे मामा राहतात. नोकरीची सगळी वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखन करण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या डेस्कटॉपवर मराठीत लिहायला घेतलं. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी लष्कर हे शहर वसवलं, त्यानंतर इथे स्थायिक झालेल्या घराण्यांच्या हकिकती, इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेतले लेख, १९४१मध्ये इथेच वारलेल्या राजकवी भा. रा. तांब्यांविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी असं बरंच काही त्यात होतं. हा मजकूर दुसरीकडे कुठेही छापलेला नाही.

एक दिवस संगणक सुरूच होईना. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने दोन मिनिटांत निदान केलं, "विंडोज उड़ गई है अंकल, फॉर्मेट मारना पड़ेगा." फाइलींचं काय, असं मामांनी विचारलं, तेव्हा "डी ड्राइव सेफ रहेगा" असं उत्तर आलं. डी ड्राइव्ह खरोखरच सुरक्षित राहिला. मात्र त्यात नातवाच्या खेळांखेरीज काहीही नव्हतं. पडद्यावर समोर दिसणारा 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स'चा फोल्डर हे दोन्ही मुळात सी ड्राइव्हमध्ये असतात, आणि फॉरमॅट मारला जातो तो सी ड्राइव्हच. ही गोष्ट ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही. मामांचा सगळा मजकूर तिथेच होता.

विंडोज बिघडली म्हणजे फाइली बिघडल्या असं नसतं. त्या डिस्कवर जशाच्या तशा असतात, फक्त तिथवर पोचायची वाट बंद झालेली असते. लिनक्स मिंट ही पूर्ण संगणकप्रणाली फुकट मिळते आणि पेनड्राइव्हवरूनच चालते. दुसऱ्या कुणाच्या संगणकावर मिंटची फाइल उतरवून घ्यायची आणि रूफस या छोट्या मोफत साधनाने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. असं करताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्यावं. मग बंद पडलेला संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. मिंट 'इन्स्टॉल' करत नाही तोवर ती डिस्कला हात लावत नाही. खिडकी उघडते, जुनी डिस्क दिसते, फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकता येतात. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, म्हणून आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावी. फॉरमॅटचा विषय निघाला, की दुकानदाराला आधी एवढंच सांगायचं: पहिल्यांदा पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि सी ड्राइव्हमधलं सगळं काढून द्या.

मामांच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. तरी संगणक जुना होता आणि आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती, हे नशीब. अशा डिस्कवर नेहमीच्या 'क्विक' फॉरमॅटनंतरही जुना मजकूर पडून राहतो, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून पहिलं पथ्य म्हणजे संगणक ताबडतोब बंद करणं. एसएसडी असती, तर ट्रिम नावाच्या व्यवस्थेने मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ केली असती आणि हाती जवळजवळ काहीच लागलं नसतं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक चालवलं. हे मोफत साधन नावावरून फोटोंचं वाटलं, तरी वर्डच्या, पीडीएफच्या आणि आवाजाच्या फाइलीही शोधतं. सापडलेलं सगळं नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. त्याच डिस्कवर उतरवलं, तर शोधायचंय त्याच्यावरच लिहिलं जातं.

फोटोरेक फाइल परत देतं, तिचं नाव मात्र देत नाही. हाती आला तो नुसत्या आकड्यांच्या नावांचा ढीग. त्यातली एक फाइल उघडली, तर पानभर रोमन अक्षरं दिसली. मामा हबकले. फाइल खराब झाली, असंच त्यांना वाटलं.

ती खराब नव्हती. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत टंकलेखन शिकलेल्या बहुतेकांप्रमाणे मामाही कृतिदेव फॉन्टवर लिहीत. या फॉन्टची जुळणी रेमिंग्टन टंकयंत्रासारखी असल्यामुळे बोटांची सवय मोडावी लागत नाही. पण कृतिदेवमध्ये लिहिलेलं संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. 'मराठी' टंकलं, की आत साठतात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. फॉरमॅटबरोबर फॉन्टही गेला आणि मुखवटा उतरला. महाराष्ट्रात श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, त्यांच्या फाइलींची गतही अशीच होते.

याच गोष्टीचा शोधाशोधीत उपयोग झाला. डॉकफेचर हे मोफत साधन फाइलींच्या पोटातला मजकूर शोधतं. 'ग्वाल्हेर' हा शब्द कृतिदेवमध्ये मोठा एक्स, ओ, के, मोठा वाय, जी, एस, जे असा साठतो. ही सात अक्षरं शोधायला दिल्यावर खेळांच्या आणि बिलांच्या फाइली गळून पडल्या आणि मामांचे लेख समोर आले.

मग ते युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या मराठीत, आणायचं काम सुरू झालं. कृतिदेव ते युनिकोड परिवर्तक मोफत मिळतात, पण बहुतेक हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. म्हणून मूळ फाइल तशीच जपून ठेवावी आणि बदललेली प्रत ओळ न् ओळ वाचावी. मधे इंग्रजी नाव आलं, की परिवर्तक त्याचीही देवनागरी करून टाकतो आणि अर्थहीन अक्षरं उरतात. 'दऱ्या', 'पुढाऱ्यांनी' अशा शब्दांतला 'ऱ्य' बिघडतो. लिब्रेऑफिसला मराठी शब्दकोश जोडला, तर असे शब्द लाल रेघेखाली येतात. पुढचं लिखाण थेट युनिकोडमध्ये करायला विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडणं पुरेसं आहे. त्यात इनस्क्रिप्ट कळफलक पूर्वीपासून आहे, आणि २०१९पासून उच्चारानुसार लिहिण्याचा फोनेटिक कळफलकही मिळतो. इनस्क्रिप्टमध्ये 'ऱ' हा शिफ्ट आणि जे दाबून येतो. रेमिंग्टनचीच सवय असेल, तर लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टंकलेखनाची साधनं घेऊन हिंदीच्या यादीतली रेमिंग्टन जुळणी निवडता येते.

स्मरणिकेचे जुने अंक पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकले होते. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ची, आणि आज तो कुणाकडे चालू स्थितीत सापडणं कठीण. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून या फाइली उघडण्याची सोय आहे. मांडणी थोडी विस्कटते, मजकूर हाती येतो. ज्या अंकांची फक्त छापील प्रत उरली आहे, ते ३०० डीपीआयवर स्कॅन करून नॅप्स२ या स्कॅनिंगच्या मोफत साधनात घ्यावेत. त्याच्या पोटात टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन आहे आणि त्याला मराठीही येतं. स्वच्छ छपाई असेल, तर तपासण्याजोगा मजकूर मिळतो.

दुकानातून परतलेल्या संगणकावर 'स्पीड वाढवणारी' आणि ड्रायव्हर शोधून देणारी मोफत सॉफ्टवेअर बसवलेली होती. ती काढून टाकावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या साधनाच्या ५.३३ आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला आणि वीस लाखांहून अधिक संगणकांवर ती आवृत्ती पोचली. २०१५मध्ये सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या गिंप या चित्रं हाताळणाऱ्या साधनाच्या विंडोज आवृत्तीला जाहिरातींची सॉफ्टवेअर चिकटवलेली आढळली होती. मालक बदलल्यावर २०१६मध्ये तिथली ती पद्धत बंद झाली. म्हणून कोणतंही साधन मूळ निर्मात्याच्या पत्त्यावरूनच घ्यावं. शोधाच्या निकालात सर्वांत वर येणारी जाहिरात टाळावी आणि बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' न करता प्रत्येक खूण वाचावी. वेग हवा असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि सुरुवातीलाच चालू होणारे नको ते प्रोग्राम बंद करावेत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची प्रकृती निळी, पिवळी की लाल हे महिन्यातून एकदा पाहावं. पिवळं दिसलं, तर त्याच दिवशी प्रती काढाव्यात. विंडोज १०ला नियमित मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही, तो भंगारात देण्याआधी त्याच मिंटच्या पेनड्राइव्हवर काही दिवस वापरून पाहावा.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गाण्याच्या बैठकींच्या कॅसेटही पडून आहेत. गायक कृष्णराव शंकर पंडितांची (१८९३–१९८९) शिष्यमंडळी ज्या घरांत गायली, तिथे तर असतीलच. कॅसेट प्लेअरच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये तार जोडून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या मोफत साधनात त्या उतरवता येतात. खरखर काढताना मात्र फार जपावं. ऑडॅसिटीला आधी 'नको असलेल्या' आवाजाचा नमुना दाखवावा लागतो आणि तिथेच घात होतो. तंबोरा लागलेला असतानाचा तुकडा नमुना म्हणून दिला, तर त्याचा अखंड नाद खरखरीसारखाच धरला जातो आणि संपूर्ण बैठकीतून खरवडला जातो. नमुना तंबोऱ्याच्या आधीच्या नुसत्या टेपच्या सळसळीचा घ्यावा आणि मूळ उतरवलेली फाइल न बदलता वेगळी ठेवावी. एक तासाची स्टिरिओ कॅसेट सीडीच्या दर्जाने साधारण ६०० एमबी होते. फ्लॅक या फाइलप्रकारात ठेवली, तर आवाज कणभरही न गमावता आकार बराच उतरतो. एका साध्या बाहेरच्या डिस्कवर अशा शेकडो कॅसेट सहज मावतात. तशा दोन डिस्क घ्याव्यात आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवावी.