दोष संगणकाचा की तारेचा?

प्रश्न : आमची डिझेल पिकअप पावसात अधूनमधून बंद पडते. मेकॅनिक ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदला म्हणतो. बदलावा काय? – एक वाचक, भूगाव

उत्तर : मुळशीच्या पावसात जिचे आयुष्य पौड रस्त्यावर जाते, त्या गाडीच्या ईसीयूवर दोषारोप ठेवण्यापूर्वी बॅटरी, फ्यूज, रिले, अर्थिंग आणि कनेक्टरमधील हिरवट गंज यांची कसून तपासणी करावी; कारण सेन्सरांना मिळणारा 5 व्होल्टचा पुरवठा सोललेल्या तारेतून चेसिसला टेकला, तरी निरपराध संगणकच गुन्हेगार ठरतो, आणि नवा बसविला तरी तक्रार कायम राहते. जुन्या बाजारातील स्वस्त पेटीचा मोह (तो मलाही झाला आहे!) आवरावा : पार्ट नंबर जुळला, तरी इमोबिलायझरची चावी आणि कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरांचे संकेतांक तीत नोंदविल्यावाचून तिचा अंमल इंजिनावर नीट बसत नाही.