ताट वाजवून कान कळत नाही

बाळ घरी आलं की आठवड्याभरात त्याची एक परीक्षा होतेच. कुणी मागून टाळी वाजवतं, कुणी स्टीलचं ताट आपटतं. बाळ दचकतं आणि आजी निकाल देऊन टाकते, "ऐकू येतंय गं, चांगलं खणखणीत!" आई-बाबांनो, माझा त्या ताटावर फार राग आहे. बाळ पाळण्याला बसलेल्या हादऱ्यानंही दचकतं, डोळ्यांच्या कडेला हललेल्या हातानंही दचकतं. शिवाय ज्याला कमी ऐकू येतं, त्याच्यापर्यंतही ताटाचा दणका पोचतोच. पोचत नाही ते तुमचं हळू बोलणं. मग "ऐकू येतंय" या भरवशावर वर्ष-दीड वर्ष निघून जातं.

खरी तपासणी कानालाच विचारते. आपला कान नुसता ऐकत नाही, स्वतः आवाजही काढतो. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी हे दाखवून दिलं. आतल्या कानातल्या, गोगलगायीच्या शंखासारख्या वळणदार नळीत सुमारे १२,००० बाह्य केसपेशी असतात. आवाज आला की त्या आखडतात, लांबतात आणि बारीक आवाज मोठा करून पुढे देतात. या धडपडीतला थोडा आवाज उलटा फिरून कानाबाहेर येतो. इतका क्षीण, की तो टिपायला संवेदनशील मायक्रोफोनच लागतो.

'ओएई' तपासणी ती हीच. बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवतात, त्यातून टिकटिक आवाज सोडतात आणि कानाकडून उत्तर येतं का ते यंत्र पाहतं. सुई नाही, औषध नाही, काही मिनिटांचं काम. दूध पिऊन झोपलेलं बाळ न्यावं, हे सगळ्यात उत्तम. आणि एक विनंती: न्हाऊ घालताना कानात तेल सोडू नका. टाळूला हवं तेवढं जिरवा, पण तेल-मळानं कानाची बाहेरची नळी भरली की उत्तर बाहेर येणार कुठून?

कागदावर 'रेफर' असं आलं तर रडू नका. त्याचा अर्थ बहिरेपण नव्हे, पुन्हा तपासा एवढाच. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात गर्भातला चिकट थर किंवा पाणी असतं, त्यामुळे बऱ्याच चांगल्या कानांचंही उत्तर अडतं. मात्र दुसरी तारीख चुकवू नका. मला काळजी 'रेफर'ची नाही, त्यानंतर परत न येणाऱ्यांची वाटते. दुसऱ्यांदाही तसंच आलं, तर 'बेरा' करायची. तिच्यात आवाज मेंदूकडे पोचतो का हे कळतं.

काही बाळांना सुरुवातीलाच 'बेरा' लागते: जी अतिदक्षता विभागात राहिली, ज्यांची कावीळ रक्त बदलण्याइतकी चढली. त्यांच्या केसपेशी उत्तर देतात, पण पुढची नस संदेश नीट नेत नाही, असं घडू शकतं. तिथे 'ओएई' पास होऊनही फसवते.

"आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही," हे मी नेहमी ऐकते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचे आई-वडील चांगले ऐकणारेच असतात. हजारात एक ते तीन बाळं अशी जन्मतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर धोका थोडा वाढतो, म्हणून ते सांगायला लाजू नका.

वेळापत्रक सोपं आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि बोलण्याचे धडे सुरू. प्रसूतिगृहात ही सोय नसेल आणि पहिला महिना हुकला, तर निदान दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही चौकशी करता येते. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

पास झालेल्या कानावरही लक्ष असू द्या, काही बहिरेपण नंतर येतं. नऊ-दहा महिन्यांचं बाळ 'बाबाबा, दादादा' करत नसेल, तर घरात कुणीतरी म्हणेलच, "याचा बापही उशिराच बोलला." ती गोष्ट मजेत ऐका आणि त्याच आठवड्यात कान तपासायला न्या.