गाडी तापते, तेव्हा आधी कारण शोधा

जुनी मोटार बाळगणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "घाटात तापत नाही का?" त्यावर "जुनी आहे ना, तापणारच" असं उत्तर देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. मला ते उत्तर मान्य नाही. प्रीमियर पद्मिनी नवी होती, तेव्हा हीच गाडी भरल्या घरासकट, टपावरच्या कॅरिअरला बिछाने बांधून खोपोलीहून खंडाळ्याला चढत होती. 1089 सीसीचं, सुमारे 40 अश्वशक्तीचं तेच इंजिन, तोच घाट. मग आज ती का तापते? कारण मधल्या वर्षांत तिच्या आत काहीतरी साचलेलं असतं, झिजलेलं असतं किंवा कुणीतरी काढून टाकलेलं असतं. ते न शोधता बाहेरून नवनवे भाग चढवत गेलं की काय होतं, ते मी भोगलं आहे. ज्यांच्या दारात फियाट, अँबॅसडर किंवा जुनी जीप उभी आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर सांगतो.

आमची पद्मिनी ऐंशीच्या दशकातली. पुण्याच्या उन्हाळ्यात सिग्नलला थांबलं की तिच्या तापमानाचा काटा चढायचा. एका गॅरेजात सांगितलं, "आपल्याकडे थंडी कुठं पडते? थर्मोस्टॅट काढून टाकू." काढला. काही दिवस बरं वाटलं. पुढे जास्त पात्यांचा पंखा आला. मग जाळीच्या मागे इलेक्ट्रिक पंखा बसला. रेडिएटरला बारीक गळती लागली, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी त्यात गळती बंद करणारी पावडर टाकली गेली. प्रत्येक उपायानंतर काटा थोडा उतरायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा चढायचा.

शेवटी बोरघाटात व्हायचं ते झालं. चढणीला काटा वर गेला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. हायसं वाटलं. पण गाडीची ओढ कमी होत होती आणि इंजिनातून टकटक ऐकू येत होती. गाडी बाजूला घेतली, तेव्हा खालचा होस पाइप फाटलेला होता आणि रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. काटा खाली आला होता, कारण त्याचा सेन्सर पाण्याऐवजी नुसत्या हवेत होता. ही गोष्ट प्रत्येक चालकाने मनात कोरून ठेवावी : चढणीवर वर गेलेला काटा कारण नसताना एकदम पडला, तर इंजिन गार झालेलं नाही, पाणी संपलेलं आहे. इंजिन त्याच क्षणी बंद करा.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे अति उष्णतेत हेड वाकतं आणि गॅस्केट जळतं. आमच्या गाडीचं तेच झालं. हेड उतरवलं तेव्हा फियाटवर हयात घालवलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी मला ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा दाखवल्या. पाण्याच्या पंपापासून सर्वांत लांबच्या, चौथ्या सिलिंडरभोवती गंज आणि क्षार यांचा घट्ट लगदा बसला होता. बंबाच्या आत बोअरच्या पाण्याने धरतो, तसाच पांढरा-तांबूस थर. रेडिएटरच्या बऱ्याच नळ्या त्या पावडरीनेच बंद झाल्या होत्या. मिस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, पंखे दोन लावलेत, पण पाण्याला जायला वाटच नाही."

सगळा सार त्या वाक्यात आहे. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा जेमतेम पाव भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा वाटा धुराबरोबर जातो आणि जवळपास तितकाच पाण्यामार्फत रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. ही उष्णता धातूतून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या नळ्यांत आणि तिथून हवेत जाते. क्षाराचा थर बिडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. पहिलीच पायरी अडली, तर पुढे कितीही हवा मारून उपयोग होत नाही.

कधी तापते, त्यावरून कारण ओळखा

खर्च करण्याआधी काही दिवस गाडी नीट पाहा. सिग्नलला आणि गर्दीत तापते, पण रस्त्याला लागली की काटा उतरतो, तर दोष हवेचा आहे : सैल फॅन बेल्ट, पंखा, चिखलाने आणि किड्यांनी भरलेल्या रेडिएटरच्या जाळ्या. वेगात किंवा चढाला तापते, तर पाणी फिरत नाही : बुजलेल्या नळ्या, झिजलेला पंप, किंवा पंपाच्या ओढीने आत चपटा होणारा खालचा होस. सुरू केल्यावर लगेच तापते आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट संशयास्पद आहे. इंजिन ऑइल दुधी दिसलं, तर संशयही उरत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. गाडी तापल्यावर, इंजिन बंद करून, रेडिएटरच्या पृष्ठभागावर तो सगळीकडे फिरवा. मध्येच गार पट्टे सापडले, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबण्यापेक्षा हे माप खात्रीचं.

इग्निशनही तपासून घ्या. स्पार्क उशिरा पडत असेल किंवा डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी तुटलेली असेल, तर इंजिन विनाकारण तापतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण जास्त गरम जळतं. जाणत्या माणसाकडून जेट बघून घ्यावेत. ब्रेक घासत असतील, तर तोही भार इंजिनावरच पडतो.

घाटात गाडी बंद पडली, पण पाणी उकळत नाही, तर तो बहुधा वेपर लॉक असतो. पेट्रोल पंपात किंवा नळीतच पेट्रोलची वाफ होते. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका ठेवायचे, ते याचसाठी. त्यावर रेडिएटर बदलणं हा उपाय नव्हे. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर घ्यावी.

आधी साफसफाई, मग सुधारणा

आमच्या गाडीचं काम या क्रमाने झालं आणि हाच क्रम मी सर्वांना सांगतो.

पहिलं, ब्लॉक. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल चकत्या असतात, त्यांना मेकॅनिक वेल्श प्लग म्हणतात. त्या काढून, तारेने खरवडून, पाण्याचा जोरदार फवारा मारून आतला लगदा बाहेर काढावा लागतो. नुसतं रेडिएटरचं पाणी बदलल्याने तो निघत नाही. क्षार विरघळवायला सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण चालतं, पण नंतर पुष्कळ पाण्याने धुवायला हवं. कॉस्टिक सोडा वापरू देऊ नका, तो ॲल्युमिनियमचं हेड खातो. बाथरूमच्या फरशीचं जळजळीत ॲसिडही नको.

दुसरं, रेडिएटर. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर टाकून देऊ नका. वरची-खालची टाकी उघडून नळ्यांत सळी घालून तो साफ करता येतो. नळ्या फारच खराब असतील, तर त्याच टाक्यांना नवा कोअर बसवता येतो. हे काम करणारे कारागीर अजून आहेत आणि त्यांना काम मिळत राहिलं तरच ते टिकतील.

तिसरं, कॅप. कित्येकांना ती नुसतं झाकण वाटते. खरं तर ती दाब धरून ठेवते. दर पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. 7 पौंडांची कॅप चांगली असेल, तर पाणी 110 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेली कॅप हा फायदा घालवून बसते. मात्र मूळ मापापेक्षा जास्त दाबाची कॅप लावू नका, जुने सांधे फुटतील.

चौथं, थर्मोस्टॅट परत बसवा. बायपासची वाट असलेल्या इंजिनांत तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला वगळूनच फिरत राहतं. शिवाय इंजिन वेळेवर गरम झालं नाही, तर पेट्रोल आणि वाफ ऑइलमध्ये मिसळून झीज वाढते. बसवण्याआधी तो दोऱ्याला बांधून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडा आणि किती अंशांना उघडतो ते पाहून घ्या.

पाचवं, पाणी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी पुन्हा कधीही टाकू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक कूलंट वापरा. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून कूलंट अनावश्यक आहे असं समजू नका. बीड, ॲल्युमिनियम आणि तांबं एकाच पाण्यात असताना गंज थांबवणं हे त्याचं मोठं काम आहे. ते ठराविक काळाने बदला. ग्लायकॉलचं कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच धुवा, मुलांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा.

एवढं झाल्यावर सुधारणेचा विचार करा. सर्वांत गुणकारी सुधारणा म्हणजे पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं. त्यामुळे पंखा आजूबाजूची हवा न ओढता रेडिएटरमधूनच ओढतो. दुसरी, बाहेर सांडणारं पाणी परत घेणारी बाटली, त्यासाठीच्या कॅपसह. इलेक्ट्रिक पंखा मी शेवटी ठेवतो. डायनॅमोवर चालणाऱ्या गाडीत सिग्नलला इंजिन मंद असतं, तेव्हा चार्जिंग जवळजवळ नसतं आणि नेमकी तेव्हाच पंख्याला वीज हवी असते. गाडीत अल्टरनेटर असेल, तरच त्याचा उपयोग.

घाटातली पथ्यं

पद्मिनीचा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या वेगावर चालतात. तिसऱ्यात इंजिन कण्हत ठेवलं, तर भार जास्त आणि थंडावा कमी. वेळीच दुसरा टाका, इंजिन मोकळं फिरू द्या. निघण्याआधी, इंजिन गार असताना, पाणी, बेल्ट आणि होस बघा. गाडीत एक बेल्ट, होस, क्लिपा आणि पाण्याचे कॅन असू द्या.

गाडी उकळलीच, तर कॅपला हात लावू नका. दाबाखालचं पाणी कॅप सुटताच वाफ होऊन उसळतं आणि चेहरा भाजतं. बॉनेट उघडा आणि वरचा होस हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. गार झाल्यावर थोडं थोडं पाणी घाला, इंजिन सुरू ठेवून भरा आणि गळती कुठे आहे ते पाहा. काटा पुन्हा चढू लागला, तर पुढे जाण्याचा आग्रह सोडून टोइंगची गाडी बोलवा. टोइंगचा खर्च हेडच्या खर्चापुढे काहीच नाही.

कुर्ल्याचा कारखाना आता पद्मिनी बनवत नाही. जी हेडं, जे ब्लॉक शिल्लक आहेत, तेवढेच आपल्या हाती आहेत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : पंखा विकत घेण्याआधी या रविवारी गाडीचं पाणी एका पांढऱ्या भांड्यात काढून बघा. ते तांबूस आणि गढूळ असेल, तर कामाची सुरुवात तिथूनच करा.