डोंगरावर थांबलेले पाणी : तोरणमाळचा यशवंत तलाव



आपल्या पंढरपुरात चंद्रभागेला येणारे पाणी दूर भीमाशंकरच्या डोंगरातून निघते. डोंगरावर काय घडते, त्यावर खालच्यांचे जगणे अवलंबून असते. म्हणून या पाठात आपण डोंगरावरचाच एक तलाव पाहू.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यावर, सुमारे १,१५० मीटर उंचीवर तोरणमाळ आहे. उत्तरेला नर्मदेचे खोरे, दक्षिणेला तापीचे. पठारावरच्या खोलगट जागेत पावसाचे पाणी साठून यशवंत तलाव भरतो. यशवंतराव चव्हाण यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. जवळच सीताखाईची खोल दरी आहे. पावसाळ्यात तिथे धबधबा कोसळतो आणि उन्हाळ्यापर्यंत कडा कोरडा पडतो.

इथे पाऊस कमी नाही. पण तो चार महिन्यांतच पडतो आणि उभ्या उतारावरून धावत निघून जातो. त्याला थांबवते ते रान. साग, मोह, तेंदू, चारोळी यांची मुळे माती धरतात, पालापाचोळा पाणी मुरवतो आणि मग खालचे झरे उन्हाळ्यातही पाझरतात. रान विरळ झाले की झरा आटतो आणि पाड्यावरच्या बायांची पायपीट वाढते. शेती एका पिकावर येते. दिवाळीनंतर भिल्ल आणि पावरा कुटुंबे मुलाबाळांसह मजुरीला बाहेर पडतात. मुलांची शाळा तिथेच तुटते.

याच रानात रानपिंगळा हे छोटे घुबड राहते. १८८४ नंतर ते कोणाला सापडले नव्हते. नामशेष झाले असे वाटत असताना १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात ते पुन्हा दिसले. पुढे तोरणमाळच्या रानातही आढळले. ते जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करते. जुने झाड तुटले की त्याचे घर जाते.

स्तोत्र १०४ मध्ये देव खोऱ्यांत झरे सोडतो आणि त्यांच्याकाठी पाखरे वस्ती करतात, असे वर्णन आहे. झरा, झाड, पाखरू आणि माणूस यांना देवाने एकत्र बांधले आहे. म्हणून डोंगरातल्या भावंडांना कपडे आणि वह्या पाठवून आपली सेवा पुरी होत नाही. त्यांचा झरा वाहता राहावा, हीदेखील सेवाच आहे. कोणते झाड कुठे जगते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आधी त्यांना विचारावे, मग हात लावावा.

चिंतनासाठी :
१. आपल्या घरी येणारे पाणी कुठून येते?
२. ते पाणी राखणाऱ्यांसाठी आपण कधी प्रार्थना केली आहे का?