एक्स-रेवाल्या आत्याचं ऐक

परवा रात्री तुझा बाबा फोनवर म्हणाला, "ताई, नीटचा निकाल लागल्यापासून पोरगी धड जेवली नाहीये. तूच समजाव." आता समजावायचं काय त्यात? एमबीबीएस हुकलं, हे खरं. पण मी तरी कुठे डॉक्टर होते? 33 वर्षं एक्स-रे काढले. डार्करूममधला फिक्सरचा वास घरी आल्यावरही हातांना असायचा तेव्हापासून, ते फिल्म जाऊन कॉम्प्युटरवर छाती दिसायला लागली तोपर्यंत. खोपटच्या एसटी स्टँडवर अजून कुणीतरी हाक मारतंच, "ओ एक्स-रेवाल्या मॅडम!"

तर ऐक. कोर्सचं नाव आवडलं म्हणून फॉर्म भरू नकोस. दिवसभर हात कशात असणार, समोर कोण असणार, ते आधी बघ. डायलिसिसच्या टेक्निशियनसमोर तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात आणि चार-चार तास बसतात. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणी लपूनछपून लोणचं खाल्लं, त्याला सगळं ठाऊक असतं. याच्या अगदी उलट पर्फ्युजनिस्ट. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवलेलं असताना मशीनवर रक्त फिरतं ठेवणारा तो. ज्या पेशंटचा जीव त्याच्या हातात असतो, त्या पेशंटचं तोंडही त्याने बहुतेकदा पाहिलेलं नसतं. तुला बोलायला माणूस लागतं बाई, तिथे तुझा जीव रमायचा नाही.

ऑक्युपेशनल थेरपीचा मात्र नीट विचार कर. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्या नावानेच घोळ होतो. लोकांना वाटतं, नोकरीबिकरी लावून देतात. पक्षाघात झालेल्या माणसाला शर्टाचं बटण पुन्हा स्वतः लावता यावं, घास तोंडापर्यंत नेता यावा, यासाठीची ती विद्या. भारतात ती आणली कमला निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या. 1950 साली परळच्या केईएममध्ये त्यांनी हे शिक्षण सुरू केलं. तिथे आजही ते शिकवतात, आणि परळला तर आपली स्लो लोकल थेट जाते.

दुसरं, कृत्रिम हातपाय. आपल्या लाइनवर गाडीखाली सापडलेली माणसं मी किती पाहिली, मोजदाद नाही. मी हाडाचा फोटो काढायचे आणि माझं काम तिथे संपायचं. त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य पाय कसा बसतो यावर. उरलेल्या भागाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून खोबण घडवायची. ती जरा कुठे टोचली की माणूस पाय कोपऱ्यात ठेवून देतो आणि पुन्हा कुबड्या घेतो. अर्धी सुतारकी, अर्धं वैद्यक. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, 1955 पासूनची, तिथे हे शिकवतात. लहानपणी बाहुल्यांचे पाय उपटून परत बसवणारी तू, म्हणून सांगते. बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी काम करायचं तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. तिथे मी एकदाच गेले होते, जास्त सांगत नाही.

आणि ती मार्कशीट जपून ठेव. फिजिओ, ऑक्युपेशनल, वाचा-श्रवण, कृत्रिम अवयव, हे सगळे पदवी अभ्यासक्रम आपल्याकडे सीईटी सेलच्या त्याच नीटच्या रांगेत येतात. एमबीबीएसला कमी पडलेले मार्क इथे कामी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बाबालाही ऐकव. आमच्या शेजारची एक मुलगी रस्त्यावरचा बोर्ड बघून लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेली. शंभर टक्के नोकरी, असं रंगवलेलं होतं. दोन वर्षं गेली, बापाच्या पीएफचे पैसे गेले आणि सर्टिफिकेट कुठल्याच हॉस्पिटलने धरलं नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न. पदवी कुठल्या विद्यापीठाची? आणि पास झाल्यावर नोंदणी कुठल्या परिषदेत? विद्यापीठ म्हटलं तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं नाव यायला हवं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचं. कृत्रिम अवयव आणि वाचा-श्रवण यांना भारतीय पुनर्वास परिषद, फिजिओ आणि ऑक्युपेशनलला राज्याची वेगळी परिषद. 2021 मध्ये केंद्राने अशा बऱ्याच व्यवसायांसाठी कायदाही केला आहे. समोरचा "ते नंतर बघू" म्हणाला की पर्स उचल आणि चालायला लाग.

तिसरा प्रश्न तिथल्या मुलांना विचार, ऑफिसात नको: इंटर्नशिप कुठे करता आणि रोज पेशंट किती बघता? ज्या कॉलेजाला स्वतःचं हॉस्पिटल नाही आणि दुसऱ्या कुणाशी धड करारही नाही, तिथे वह्या भरतात, हात तयार होत नाही.

माझ्याच वाटेने यायचं ठरवलंस, तर किरणांना भिऊ नकोस, पण निष्काळजीही राहू नकोस. किरणं मोजणारा बॅज छातीवर, शिशाच्या अॅप्रनच्या आत लावायचा. आमच्यातले काही तो खोलीतल्या खिळ्याला टांगून चहाला जायचे. मग बॅज खोलीची किरणं मोजत बसायचा, माणसाची नाही.

गुरुवारी सकाळी आठला खाली ये. स्टेशनपर्यंत चालत जाऊ, रिक्षाच्या रांगेत उभं राहायला मला जमत नाही. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरू. हाजीअलीच्या त्या संस्थेत ओपीडीच्या बाकावर दोन तास नुसतं बसायचं, मोबाईल पर्समध्ये. डबा मी आणते, तू फक्त जेवून ये.